किडनी सावरली, पण किती?

भातलावणी उरकली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर डिस्चार्ज कार्डं येऊ लागतात. पनवेलची, अलिबागची, क्वचित मुंबईची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली, पावसाने कडा फुगलेली. निदानाच्या रकान्यात लेप्टो, गॅस्ट्रो, सर्पदंश असं काहीतरी असतं आणि त्याच्या शेजारी इंग्रजीतली तीन अक्षरं : एकेआय. ॲक्यूट किडनी इंज्युरी, म्हणजे मूत्रपिंडांना अचानक झालेली इजा. पेशंटचा मुलगा किंवा मेहुणा गोळ्यांच्या नावांवर बोट ठेवून ‘एवढ्या द्या’ म्हणतो. त्या तीन अक्षरांकडे कुणी बघत नाही. कार्डाच्या तळाशी ‘पुन्हा दाखवणे : ७ दिवसांनी’ एवढी ओळ असते. सात दिवसांनंतरचं काही लिहिलेलं नसतं.

मी फार्मासिस्ट आहे. रोह्याला चिकटून असलेल्या वरसे गावात माझं औषधांचं दुकान आहे. एका अंगाला कुंडलिका नदी, जवळच धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि मधे भातखाचरं. त्यांतली बरीच आता इमारतींखाली गेली. इथला माणूस आठवडाभर कंपनीत कंत्राटी कामाला जातो आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरतो. माझ्याकडे डॉक्टरचं ज्ञान नाही, पण डॉक्टरांना न दिसणारं काही मला दिसतं. रुग्णालयातून घरी गेलेला माणूस पुढचे सहा महिने कोणत्या गोळ्या घेतो, कोणत्या सोडतो आणि चिठ्ठीशिवाय काय मागतो, हे माझ्या काउंटरवर कळतं. त्याच अनुभवावरून सांगते : किडनीला इजा होऊन सुटका झालेल्या माणसाची खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते, आणि त्या परीक्षेची तारीख त्याला कुणी दिलेलीच नसते.

अचानक म्हणजे काय?

दोन्ही मूत्रपिंडं रात्रंदिवस रक्त गाळतात. नको असलेली द्रव्यं लघवीवाटे बाहेर टाकतात, पाणी आणि क्षार यांचा तोल राखतात. त्यांचं काम मंदावलं की रक्तात क्रिएटिनिन साठू लागतं. आमच्याकडे त्याला सगळे ‘क्रिएटिन वाढलं’ म्हणतात. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये जी व्याख्या ठरवली, तीच आज जगभर वापरतात. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा ७ दिवसांत दीडपट झालं, किंवा लघवी ठरावीक प्रमाणाखाली घसरली, तर ती अचानक झालेली इजा. लघवीचा हिशेब सोपा आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला सलग ६ तासांत १८० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर ती धोक्याची खूण.

मधुमेहाने किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजणारी किडनी आणि ही किडनी, ही दोन दुखणी वेगळी. इथे कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस चार दिवसांत आयसीयूत जातो. आमच्या भागात पावसाळ्यातलं नेहमीचं कारण लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत असह्य कळा. आणि आजार बळावला तर कावीळ आणि किडनीवर घाव. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हा आजार पाहिला, पण कोकणातल्या खाचरांना तो त्याआधीपासून ठाऊक होता. आता पूर ओसरला की आरोग्य कर्मचारी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरतात, ते याचसाठी.

दुसरं कारण साप. घोणस आणि फुरसं या दोघांचंही विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं आणि किडनी निकामी करू शकतं. घोणसीचं तर फारच. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी संपणं, मलेरिया, बाळंतपणातला रक्तस्राव, अंगात भिनलेला जंतुसंसर्ग ही आणखी कारणं. या साऱ्यांत भर घालणारं एक कारण माझ्याच कपाटात असतं, वेदनाशामक गोळ्या. त्यांच्याकडे पुढे येते.

मशीन बरं करत नाही

‘एकदा डायलिसिस लावलं की कायमचं लागतं’ ही समजूत आमच्याकडे इतकी घट्ट आहे की काही नातेवाईक सहीच करत नाहीत. अचानक झालेल्या इजेत ती समजूत जीव घेऊ शकते. डायलिसिसचा इतिहासच याविरुद्ध साक्ष देतो. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ या डॉक्टरने युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, सॉसेजसाठी वापरायच्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून पहिलं यंत्र उभं केलं. त्याचे जवळजवळ सगळे सुरुवातीचे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली, तिची लघवी सुरू झाली आणि पुढे ती आणखी सात वर्षं जगली. तिची इजा अचानक झालेली होती. यंत्राने तिची किडनी बरी केली नव्हती. किडनी स्वतः बरी होईपर्यंत यंत्राने तिला जगवलं होतं. आजही डायलिसिस इतकंच करतं.

किडनी स्वतःला कशी सांधते, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं. गाळण्याचं काम करणारे सूक्ष्म घटक, नेफ्रॉन, प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख असतात. त्यांच्या नळ्यांच्या आतल्या पेशी विषाने किंवा रक्तपुरवठा तुटल्याने मरतात, पण उरलेल्या पेशी वाढून नळीचं अस्तर पुन्हा तयार करू शकतात. याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. मधल्या टप्प्यात उलटाच प्रकार दिसतो : लघवी एकदम वाढते, दिवसाला तीन-चार लिटरसुद्धा होते, कारण नळ्यांना अजून पाणी आणि क्षार राखून ठेवणं जमत नसतं. घरच्यांना वाटतं, किडनी सुटली, आता बिनघोर. नेमक्या त्या दिवसांत पाणी आणि पोटॅशियम कमी पडून माणूस पुन्हा कोसळू शकतो.

सगळेच नेफ्रॉन मात्र परत येत नाहीत. काहींच्या जागी व्रण उरतो. मग बाकीचे जास्त काम उचलतात आणि वर्षानुवर्षं ओझं वाहून थकतात. पेणपासून रोह्यापर्यंतच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. खारबंदिस्तीला खांड गेली, समुद्राचं पाणी शेतात शिरलं, तर बांध पुन्हा घालता येतो. पण मातीत मुरलेलं मीठ जायला पुढचे पावसाळे जावे लागतात, आणि कोणता तुकडा पिकेल हे बांधाकडे बघून कळत नाही.

डॉक्टरांनाही हे उशिरा कळलं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांच्या किडन्या बंद पडतात, हे बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवलं. तेव्हापासून कित्येक दशकं वैद्यकात एकच समज होता : अशा इजेतून माणूस वाचला तर पूर्ण बरा होतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि चित्र बदललं. अशी इजा होऊन गेलेल्यांना पुढे किडनीचा जुनाट आजार होण्याची, रक्तदाब वाढण्याची, हृदयविकाराची आणि पुन्हा तशीच इजा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. इजा जितकी मोठी, जितके जास्त दिवस टिकलेली, तितका धोका अधिक. पण सौम्य इजासुद्धा अगदी निरुपद्रवी नसते.

‘रिपोर्ट नॉर्मल’ची फसवणूक

मागच्या एका पावसाळ्यात धाटावच्या एका कंपनीत लोडिंगला जाणारा, चाळिशीचा एक जण लेप्टोतून उठून आला. चार वेळा डायलिसिस झालेलं. गळ्याच्या बाजूला नळीची खूण. दंड अर्धे झालेले, पँट दोरीने बांधलेली. ‘ताई, आता बरा हाय मी. क्रिएटिन एक पॉइंट एक. नॉर्मल लिवलाय.’ त्याचा आनंद खरा होता. त्या आकड्यावर मात्र मला तेवढा भरवसा ठेवता येईना.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. तीन आठवडे अंथरुणावर काढलेल्या माणसाचे स्नायू झडतात, त्यामुळे रक्तात क्रिएटिनिन मुळातच कमी येतं. किडनी अर्ध्या ताकदीने चालत असली तरी आकडा चांगला दिसू शकतो. माणूस खाऊ-पिऊ लागला, अंग भरलं, की काही महिन्यांनी तोच आकडा खरं बोलू लागतो. शिवाय १.१ हा आकडा गोणी उचलणाऱ्या गड्याचा वेगळा आणि ४० किलोच्या म्हातारीचा वेगळा. म्हणून डॉक्टर वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर बघतात, तोही याच क्रिएटिनिनवर बेतलेला. शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी सांगतात. ती सगळीकडे होत नाही. पण लघवीची तपासणी तर कोणत्याही लॅबमध्ये होते आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते.

लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, हे किडनीच्या इजेचं दुसरं साक्षीपत्र. क्रिएटिनिन ठीक असतानाही अल्ब्युमिन जात असेल तर गाळणी अजून दुखावलेली आहे. तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. ते ३० च्या आत असलं तर ठीक. एकट्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘बरा’ असा शिक्का मारू नये, हे माझ्या ग्राहकांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

आणि ही तपासणी कधी? केडिगोच्या मार्गदर्शनात मुदत स्पष्ट आहे : इजेनंतर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णाची तपासणी व्हावी. तीन महिनेच का? बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकला, तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. त्याआधी किडनी सावरत असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांतली भेट औषधं आणि क्षार बघण्यासाठी. तीन महिन्यांची भेट निकालासाठी. त्या दिवशी क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाब या चार गोष्टी बघितल्या की माणूस कुठे उभा आहे ते कळतं. सगळं ठीक निघालं तरी वर्षातून एकदा ती तपासणी करत राहावी.

खर्चाची अडचण पूर्वी होती. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. आता खरी अडचण खाड्याची. कंत्राटी कामगाराला एक दिवस रुग्णालयात घालवायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि दुखत तर काहीच नसतं. बिघडलेली किडनी फार उशिरापर्यंत कसली तक्रार करत नाही. त्यामुळे ‘त्रास झाला की दाखवू’ हा हिशेब इथे चालत नाही.

काउंटरवर काय दिसतं

तो लोडिंगवाला महिन्याभराने पुन्हा आला. कापणी सुरू झालेली, कंबर धरलेली. ‘ती लाल गोळी द्या, दोन घेतल्या की मोकळा होतो.’ ती गोळी डायक्लोफेनॅकची. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या सगळ्या वेदनाशामक गोळ्या किडनीत रक्त आणणाऱ्या वाहिन्या आकुंचित करतात. धट्ट्याकट्ट्या माणसाला एखादी गोळी सहसा बाधत नाही. पण सावरत असलेल्या किडनीला, त्यातून उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या माणसाला, त्याच गोळ्या पुन्हा रुग्णालयात पोचवू शकतात. मी गोळी दिली नाही. तो चिडला, दुसऱ्या दुकानात मिळेल म्हणाला. ते खरंही होतं. मी त्याच्या कार्डाच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘किडनीचा आजार होऊन गेला आहे. अंगदुखीच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल चालेल, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात.’ दुसऱ्या दुकानातही ते कार्ड दाखव, एवढं वचन घेतलं.

दुसरा नेहमीचा घोळ बंद केलेल्या गोळ्यांचा. किडनीला इजा झाली की रक्तदाबाच्या काही गोळ्या, रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन काही काळ थांबवतात. ते योग्यच असतं. पण त्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे कुणी लिहीत नाही. मग दोन प्रकार होतात. एक, घरी जुना साठा असतो म्हणून माणूस घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा घेऊ लागतो. दोन, गोळी कायमची सुटते. एक बाई गॅस्ट्रोनंतर वर्षभर रक्तदाबाच्या गोळीविना होत्या, ‘दवाखान्यात बंद सांगितली’ म्हणून. दुकानात रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १८० च्या पुढे. वाढलेला रक्तदाब उरलेल्या नेफ्रॉनांचा शत्रू. गोळी कधी सुरू करायची हे डॉक्टरने रक्त तपासून ठरवायचं. पण ‘ठरवायचं आहे’ एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

तिसरा घोळ डोसचा. किडनी मंद असताना काही प्रतिजैविकांची आणि मधुमेहाच्या औषधांची मात्रा कमी करतात. किडनी सावरली की ती पुन्हा वाढवावी लागते, नाहीतर औषध अपुरं पडतं. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर तर किडनी सावरली की चढू लागते, कारण शरीरातून इन्शुलिन जास्त वेगाने निघून जातं. गावच्या डॉक्टरकडे जुना कागद जातो आणि जुनीच मात्रा चालू राहते.

चौथा घोळ पथ्याचा. रुग्णालयात पोटॅशियम वाढलं म्हणून नारळपाणी, केळी, टोमॅटो बंद करतात, पाणी मोजून द्यायला सांगतात. पोटॅशियम ताळ्यावर आल्यावरही तेच पथ्य वर्षभर चालू. एका आजींना सुनेने दिवसाला पाऊण लिटरच पाणी दिलं होतं, मे महिन्यात. उलट शेजारी सांगतात, ‘किडनी धुऊन निघते, भरपूर पाणी पी.’ दोन्ही घातक. पाणी किती, फळं कोणती, हे त्या माणसाच्या त्या आठवड्यातल्या लघवीवर, सुजेवर आणि रिपोर्टवर ठरतं. सरसकट सगळ्यांना चालेल असं एकच पथ्य : मीठ कमी. आमच्याकडे सुका जवळा, बोंबील, लोणचं, पापड यांशिवाय पावसाळा जात नाही. हे सांगणं सगळ्यात अवघड जातं.

शिवाय बिननावाची भस्मं आणि ‘किडनी साफ करणारे’ काढे. त्यांत काय आहे ते सांगता येत नसेल तर ते पोटात घालू नये. औषधानेच किडनी जाते, हे महाराष्ट्राने अनुभवलेलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध पुरवठ्याची सगळी लक्तरं उघडी केली. औषध विकणाऱ्या प्रत्येकाने तो इतिहास लक्षात ठेवावा.

बाळंतपण आणि गळ्यातली नळी

दोन प्रकारच्या रुग्णांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. पहिल्या त्या बाया, ज्यांना बाळंतपणात रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊन किडनीला इजा झाली. त्या वाचतात, बाळात गुंततात, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा दिवस जातात. किडनी पूर्ण सावरली असली तरी पुढच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असतो. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी ही गोष्ट डॉक्टरला आणि आशाताईला सांगितली पाहिजे. पण सांगणार कोण? त्या बाईला ‘लघवी दोन दिवस बंद होती’ एवढंच आठवत असतं.

दुसरे ते, जे डायलिसिस चालू असतानाच घरी सोडले जातात. आठवड्यातून दोन-तीन वेळा गाडी करून पनवेलच्या वाऱ्या, गळ्यात नळी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. पण एकदा वेळापत्रकात नाव बसलं की हा माणूस कायमचा डायलिसिसवाला धरला जातो. अशा काहींच्या किडन्या घरी गेल्यानंतरही, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, जाग्या होतात. दिवसभराची लघवी मोजत राहणं, दर आठवड्याला डायलिसिसच्या आधी क्रिएटिनिन बघणं, डायलिसिस चालू असताना रक्तदाब फार खाली जाऊ न देणं, एवढ्याने किडनीला सावरायला वाव मिळतो आणि ती सावरू लागली तर ओळखताही येतं. घरच्यांसाठी माझी सूचना साधी आहे : एक मापाचा मग आणि एक वही ठेवा. लघवी वाढू लागली तर सेंटरवर सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही.

डॉक्टरांसाठी सहा ओळी

मोठ्या रुग्णालयात जीव वाचवणारे डॉक्टर निराळे आणि नंतर वर्षानुवर्षं सांभाळणारे आमच्या इथले एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर निराळे. दोघांमधला दुवा फक्त तो कागद. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी संघटनेने २०२५ पर्यंत टाळता येण्याजोगा एकही मृत्यू या इजेने होऊ नये, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्याच वर्षीच्या जागतिक किडनी दिनाचा विषयही हाच होता. ते साल आलं आणि गेलं. आमच्या काउंटरवरची कार्डं तशीच येत राहिली. डिस्चार्ज कार्डावर सहा ओळी वाढवायला नवं यंत्र लागत नाही :

१. इजा कशाने झाली.
२. सर्वांत जास्त क्रिएटिनिन किती होतं, घरी जाताना किती. डायलिसिस झालं का, किती वेळा.
३. कोणती औषधं थांबवली आणि ती पुन्हा कुणी, काय तपासून सुरू करायची.
४. कोणती औषधं घेऊ नयेत, हे मराठीत.
५. पहिल्या तपासणीची तारीख आणि तीन महिन्यांच्या तपासणीची तारीख, लघवीच्या एसीआरसह.
६. जुलाब-उलट्या किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, आणि ‘किडनीला इजा झाली होती’ हे आधी सांगा.

सहावी ओळ गावच्या डॉक्टरांसाठीही आहे. अशा माणसाला साधा गॅस्ट्रो झाला तरी रक्तदाबाची कोणती गोळी दोन दिवस थांबवायची, सलाइन किती, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं टाळता येतील का, याचा विचार चिठ्ठी लिहिण्याआधी व्हावा. सीटी स्कॅनसाठी रंगद्रव्य देण्याआधीही.

लहान जागी बसून मोठं काम होत नाही, असं कुणाला वाटत असेल तर रायगडमध्येच उत्तर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, विंचूदंशाने मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, प्राझोसिनचा उपचार शोधला आणि ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. विंचवाने मरणारी माणसं वाचू लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किडनीच्या इजेनंतरच्या रुग्णांची अशी नोंद आपल्या तालुक्यांतून ठेवली गेली, तर लेप्टोतून उठलेल्या कोकणी शेतकऱ्याच्या किडनीचं पुढे काय होतं, हे आपल्याच माणसांवरून कळेल. लेप्टोचा मागे उरणारा परिणाम आणि किडनीचा जुनाट आजार यांचा संबंध तैवानच्या संशोधकांनी तपासला आहे. आपल्याकडे रुग्ण कमी नाहीत, वह्या कमी आहेत.

माझ्या दुकानात अशी एक वही आहे. एकेआय लिहिलेलं कार्ड आलं की त्यावरची तारीख घेते, तीन महिने पुढे मोजते आणि त्या दिवशी फोन करते. बरेच जण ‘उद्या जातो’ म्हणतात, काही खरंच जातात. तो लोडिंगवाला गेला. क्रिएटिनिन १.५ निघालं, लघवीत अल्ब्युमिन सापडलं. आता रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दर काही महिन्यांनी तपासणी. वेळेवर कळलं म्हणून हे करता आलं. गावोगावच्या औषध दुकानांनी, आशाताईंनी आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांतल्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, तर अशी वही प्रत्येक गावात असू शकते.

वाचकांना एवढंच सांगणं. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात कुणाला लेप्टो, सर्पदंश, मोठा गॅस्ट्रो, अवघड बाळंतपण झालं असेल आणि तेव्हा ‘किडनीवर आलं होतं’ असं कुणी म्हणालं असेल, तर ते कार्ड आजच बाहेर काढा. तारीख बघा. तीन महिने उलटून गेले असले तरी हरकत नाही, उशिरा केलेली तपासणीही कामाची असते. क्रिएटिनिन आणि लघवीचं एसीआर, या दोन तपासण्या करा, रक्तदाब मोजा, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अंगदुखीची एकही गोळी घेऊ नका. एका दिवसाचा खाडा पडेल. तो पडू द्या.